बिनतारी ब्रॉडबँड सेवा, भारतातील

घर, दुकान वा कार्यालय यांतील संगणकादी उपकरणे तारेऐवजी रेडिओ तरंगांच्या साहाय्याने उच्च वेगाने इंटरनेटशी जोडून देणारी सेवा. ग्राहकाचे ठिकाण निश्चित असेल, म्हणजे ग्राहीयंत्र छपरावर, गच्चीवर वा खिडकीत कायमचे बसविलेले असेल, तर तिला स्थिर बिनतारी सेवा म्हणतात. यंत्र ग्राहकाबरोबर फिरत असेल, तर ती चल सेवा होय. दूरध्वनीची तांब्याची तार, केबल दूरचित्रवाणीची समाक्ष केबल व प्रकाशीय तंतू ही तीन तारयुक्त माध्यमे एका बाजूस आणि बिनतारी माध्यम दुसऱ्या बाजूस, अशी स्पर्धा विसाव्या शतकाच्या अखेरीपासून अनेक देशांत चालू आहे. ज्या देशांत घरोघर तार आधीच पोहोचली होती, तेथे बिनतारी सेवा तारेची प्रतिस्पर्धी म्हणून आली. भारतात ती प्रथमपासून तारेच्या अभावाची भरपाई म्हणून योजली गेली. आणि जेव्हा ती खऱ्या अर्थाने यशस्वी झाली, तेव्हा ती घरात न शिरता ग्राहकाच्या खिशात गेली. भारतातील ब्रॉडबँडच्या इतिहासातील बहुतेक विसंगतींचे मूळ या एका गोष्टीत सापडते.

ब्रॉडबँड म्हणजे नेमका किती वेग, याची व्याख्या काळाबरोबर बदलत गेली आहे. भारत सरकारने २००४ मध्ये ती दर सेकंदाला किमान २५६ किलोबिट अशी ठरविली. २०१३ मध्ये ही मर्यादा ५१२ किलोबिट व जानेवारी २०२३ मध्ये २ मेगाबिट करण्यात आली. त्यामुळे निरनिराळ्या वर्षांतील ग्राहकसंख्यांची तुलना करताना सावधगिरी बाळगावी लागते.

तांत्रिक स्वरूप : बिनतारी व तारयुक्त सेवांमधील मूलभूत फरक वेगाचा नसून वाटणीचा आहे. मनोऱ्यावरील एका अँटेनाच्या टप्प्यात येणाऱ्या सर्व ग्राहकांना एकच कंप्रतापट्ट वाटून घ्यावा लागतो. चौथ्या पिढीच्या तंत्रात २० मेगॅहर्ट्‌झ रुंदीचा पट्ट व दर हर्ट्‌झला सरासरी दोन बिट एवढी कार्यक्षमता धरली, तर एका अँटेनाकडून सर्व ग्राहकांना मिळून दर सेकंदाला सुमारे ४० मेगाबिट विदा मिळते. चलत्‌चित्रे पाहण्यासाठी एका घराला ५ मेगाबिट लागतात असे मानल्यास आठ घरांतच ही क्षमता संपते. याउलट घरगुती सेवेसाठी रूढ असलेल्या प्रकाशीय तंतूच्या एका शाखेतून दर सेकंदाला सुमारे अडीच हजार मेगाबिट वाहून नेता येतात व ती बहुधा ३२ किंवा ६४ घरांत वाटली जाते. म्हणजे सर्वांनी एकाच वेळी मागणी केली, तरी प्रत्येकाच्या वाट्याला सुमारे ४० ते ८० मेगाबिट येतात. शिवाय तंतूची क्षमता टोकांची यंत्रे बदलून वाढविता येते. कंप्रतापट्ट मात्र मर्यादित असून तो सरकारकडून विकत घ्यावा लागतो.

बिनतारी सेवेची जमेची बाजू म्हणजे खोदाई नको. रस्ता खणणे, पालिकेची परवानगी व शुल्क, सोसायटीची संमती, भिंतींना भोके पाडणे हे सर्व टळते आणि एका मनोऱ्याच्या उभारणीने हजारो घरे एकदम टप्प्यात येतात. गुंतवणूक ग्राहक मिळत जातील तसतशी वाढविता येते. कंप्रता जितकी कमी, तितके तरंग दूरवर जातात व भिंतींमधून शिरतात. परंतु कमी कंप्रतेच्या भागात रुंद पट्ट उपलब्ध नसतात. उच्च कंप्रतेच्या भागात, उदा., २६ गिगॅहर्ट्‌झच्या आसपास, शेकडो मेगॅहर्ट्‌झ रुंदीचे पट्ट मिळतात. पण तेथे झाडाची पाने, काच व मुसळधार पाऊसही तरंगांना अडवितात. पोहोच व क्षमता यांतील हे व्यस्त नाते पुढील सर्व इतिहासात पुनःपुन्हा प्रत्ययास येते. [⟶ रेडिओ संदेशवहन प्रणाली].

परदेशांतील पूर्वप्रयत्न : अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत १९९८ मध्ये २८ गिगॅहर्ट्‌झच्या आसपासच्या पट्टांचा लिलाव झाला. स्प्रिंट व वर्ल्डकॉम या कंपन्यांनी १९९९ मध्ये बिनतारी केबल दूरचित्रवाणीच्या कंपन्या विकत घेऊन त्यांच्या पट्टांवर घरगुती इंटरनेट देण्याचा घाट घातला. टेलिजंट, विनस्टार, मेट्रिकॉम आदी कंपन्याही या क्षेत्रात उतरल्या होत्या. या तिन्ही २००१ मध्ये दिवाळखोरीत निघाल्या. छपरावरील अँटेना मनोऱ्याला थेट दिसावी लागे, ती बसविण्यास कुशल माणूस पाठवावा लागे आणि त्याच शहरात दूरध्वनी व केबल कंपन्या आपल्या जुन्याच तारांवरून तीच सेवा देऊ शकत होत्या. क्रेग मॅकॉ यांनी २००३ मध्ये स्थापन केलेल्या क्लिअरवायर कंपनीने वायमॅक्स या तंत्रावर दुसरा मोठा प्रयत्न केला. तिला इंटेल, गूगल व कॉमकास्ट यांचे भांडवलही मिळाले. तथापि ती २०१३ मध्ये स्प्रिंटने पूर्णपणे ताब्यात घेतली व पुढे तिची वायमॅक्स यंत्रणा बंद करण्यात आली. तेथे बिनतारी सेवेला खरे यश मिळाले ते पाचव्या पिढीत. व्हेरायझनने ऑक्टोबर २०१८ मध्ये चार शहरांत व टी-मोबाइलने एप्रिल २०२१ मध्ये मोठ्या प्रमाणावर घरगुती सेवा सुरू केली. २०२४ च्या अखेरीस या दोघांकडे मिळून सुमारे १ कोटी १० लाख ग्राहक होते आणि मोठ्या केबल कंपन्यांचे ग्राहक घटू लागले होते. मात्र या यशामागे एक शिस्त होती : चल सेवेच्या गरजा भागवून ज्या मनोऱ्यावर क्षमता शिल्लक उरते, त्याच्याच परिसरात टी-मोबाइल ही जोडणी विकते.

भारतातील प्रारंभ : भारतात सामान्य ग्राहकांसाठी इंटरनेट सेवा विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू केली. ती दूरध्वनीच्या तारेवरून क्रमांक फिरवून घ्यावी लागे व वेग दर सेकंदाला काही किलोबिट एवढाच असे. दूरध्वनीच दुर्मिळ असल्यामुळे इंटरनेटही दुर्मिळ होते. त्या काळी दूरध्वनीसाठी अर्ज केल्यावर वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. खेड्यांची स्थिती याहून वाईट होती. गावोगावच्या सार्वजनिक दूरध्वनींसाठी बहुप्रवेशी ग्रामीण रेडिओ यंत्रणा वापरण्यात आली होती. पण सौर पट्ट्या, विद्युत् घट व देखभाल यांच्या अडचणींमुळे ती यंत्रे पुष्कळदा मुकीच असत आणि सार्वत्रिक सेवा निधीतून ती बदलण्याचा कार्यक्रम पुढे हाती घ्यावा लागला.

तारेला पर्याय शोधण्याचा देशी प्रयत्न मद्रास येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेत झाला. अशोक झुनझुनवाला यांच्या नेतृत्वाखालील गटाने मायडास ही कंपनी व अमेरिकेतील ॲनालॉग डिव्हायसेस यांच्या सहकार्याने कॉर-डेक्ट नावाची यंत्रणा १९९० नंतरच्या दशकात विकसित केली. दूरध्वनी जोडणीचा सर्वांत मोठा खर्च केंद्रापासून घरापर्यंतच्या तारेचा असतो. तो कमी केल्याशिवाय भारतासारख्या देशात कोट्यवधी जोडण्या परवडणार नाहीत, हा झुनझुनवाला यांचा मूळ विचार होता. कॉर-डेक्टमध्ये मनोऱ्यापासून सुमारे १० किमी.पर्यंत, ग्राहकाचा अँटेना मनोऱ्याला दिसत असल्यास, दूरध्वनी व इंटरनेट एकाच वेळी चालत; बोलणे चालू असता इंटरनेटचा वेग ३५ किलोबिट व एरवी ७० किलोबिट असे. एन-लोग या कंपनीने या यंत्रणेवर ग्रामीण इंटरनेट केंद्रे चालविली. तमिळनाडूतील मदुराई जिल्ह्याच्या मेलूर तालुक्यातील प्रयोगात अमेरिकेतील विद्यापीठेही सहभागी होती. वेग आज क्षुल्लक वाटेल, पण आपल्या देशातील स्थिर बिनतारी इंटरनेटचा हा पहिला गंभीर प्रयत्न होय. तो अयशस्वी झाला, असे म्हणण्यापेक्षा त्याच्या पायाखालची जमीन सरकली, असे म्हणणे अधिक योग्य ठरेल. स्थिर दूरध्वनीच्या परवानाधारकांना जानेवारी २००१ मध्ये मर्यादित क्षेत्रात फिरता येईल असे बिनतारी दूरध्वनी देण्याची मुभा मिळाली. त्यावरून भ्रमणध्वनी कंपन्यांशी न्यायालयीन लढा झाला व नोव्हेंबर २००३ मध्ये एकत्रित परवान्याची पद्धत आली. ‘घरापर्यंतची बिनतारी तार’ म्हणून दिलेला परवाना अशा रीतीने भ्रमणध्वनीचा परवाना बनला. हीच घटना दहा वर्षांनी अधिक मोठ्या प्रमाणावर पुन्हा घडावयाची होती.

२००४ चे धोरण व तांब्याची तार : केंद्र सरकारने १४ ऑक्टोबर २००४ रोजी ब्रॉडबँड धोरण जाहीर केले. २००५ अखेर ३० लाख, २००७ अखेर ९० लाख व २०१० अखेर २ कोटी ब्रॉडबँड जोडण्या, असे त्याचे लक्ष्य होते. त्या सुमारास देशात तारेवरील दूरध्वनी चार कोटींच्या आसपास होते व त्यांतील बहुतेक भारत संचार निगम आणि दिल्ली-मुंबईतील महानगर टेलिफोन निगम यांचे होते. तांब्याच्या त्याच तारेवरून बोलण्याच्या कंप्रतांच्या वर विदा पाठविण्याचे तंत्र तयार होते. घर केंद्रापासून जितके दूर तितका वेग कमी, आणि सुमारे पाच किमी.पलीकडे सेवा जवळजवळ अशक्य, एवढीच त्याची मर्यादा होती. [⟶ दूरध्वनिविद्या].

भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने एप्रिल २००४ मध्येच शिफारस केली होती, की निगमांची ही तार भाडे घेऊन खाजगी सेवादात्यांनाही वापरू द्यावी. यूरोपातील अनेक देशांनी हाच मार्ग अवलंबिला होता. निगमांचा याला विरोध होता आणि धोरणात ही शिफारस बंधनकारक केली गेली नाही. निगमांनी जानेवारी २००५ मध्ये आपली स्वतःची सेवा सुरू केली. पण जोडणीसाठी प्रतीक्षा, नादुरुस्त तारा व केंद्रातील अपुरी यंत्रे यांमुळे वाढ मंद राहिली. २०१० अखेर ब्रॉडबँड जोडण्या सुमारे १ कोटी १० लाख, म्हणजे लक्ष्याच्या निम्म्याहून थोड्या अधिक होत्या. २०११ च्या जनगणनेत देशातील सुमारे २४.७ कोटी कुटुंबांपैकी इंटरनेट जोडलेला संगणक असलेली कुटुंबे केवळ ३.१ टक्के आढळली. ज्या सार्वजनिक संपत्तीतून लक्षावधी घरांना स्वस्त इंटरनेट मिळू शकले असते, ती स्पर्धेला खुली न करण्याचा निर्णय भारताच्या ब्रॉडबँड इतिहासातील सर्वांत महागडा निर्णय ठरला, असे म्हणावे लागते. त्यामुळे निगमांचे हितही साधले नाही : तारेवरील दूरध्वनींची संख्या घटत जाऊन २०२० मध्ये सुमारे २ कोटींवर आली.

खाजगी कंपन्यांना तार मिळाली नाही, तेव्हा त्यांनी दोन मार्ग शोधले. एक केबलवाल्यांचा. मुंबई, पुणे यांसारख्या शहरांत गच्चीवरून गच्चीवर टाकलेल्या केबलांनी रस्ता न खोदताच गल्लीबोळांत इंटरनेट नेले; ही जाळी विस्कळीत व पावसाळ्यात बेभरवशाची असली, तरी घरापर्यंतची खरी स्पर्धा बराच काळ तिनेच टिकवून धरली. दुसरा मार्ग बिनतारी सेवेचा. मुंबईत मुख्यालय असलेल्या टिकोना कंपनीने विनापरवाना पट्ट वापरून इमारतींच्या गच्च्यांवर अँटेना बसविल्या. टाटा कम्युनिकेशन्सने २००८ मध्ये ३.३ गिगॅहर्ट्‌झच्या पट्टात वायमॅक्स जाळे उभारण्याची मोठी योजना जाहीर केली. संगणकाला जोडावयाच्या, बोटाएवढ्या डेटाकार्डांनीही याच काळात विद्यार्थी व फिरतीवरील नोकरदार यांच्यात चांगला जम बसविला.

२०१० चा लिलाव : केंद्र सरकारने २०१० मध्ये तिसऱ्या पिढीच्या भ्रमणध्वनी पट्टांबरोबरच ‘बिनतारी ब्रॉडबँड प्रवेश’ या नावाने २.३ गिगॅहर्ट्‌झच्या भागातील प्रत्येकी २० मेगॅहर्ट्‌झचे दोन पट्ट प्रत्येक परिमंडळात लिलावास काढले. (मराठी वृत्तपत्रांनी यास ‘ध्वनिलहरींचा लिलाव’ असे नाव दिले व ते रूढ झाले, वस्तुतः विकले गेले ते विद्युत् चुंबकीय तरंगांच्या वापराचे हक्क होते, ध्वनीशी त्यांचा संबंध नव्हता.) निगमांना अशाच प्रकारचे पट्ट आधीच देऊन ठेवले होते व लिलावात ठरेल ती किंमत त्यांनी भरावयाची होती. लिलाव २४ मे रोजी सुरू झाला व १६ दिवसांत ११७ फेऱ्या होऊन ११ जून रोजी संपला. संपूर्ण देशासाठी एका पट्टाची राखीव किंमत १,७५० कोटी रु. होती; ती १२,८४७.७७ कोटी रुपयांवर गेली. निगमांचा हिस्सा धरून सरकारला ३८,५४३ कोटी रु. मिळाले.

सर्व २२ परिमंडळे जिंकणारी एकमेव कंपनी इन्फोटेल ब्रॉडबँड ही होती. लिलाव संपला त्याच दिवशी रिलायन्स इंडस्ट्रीजने ४,८०० कोटी रुपयांना तिचे ९५ टक्के भाग घेत असल्याचे जाहीर केले. एअरसेलला आठ, टिकोनाला पाच, भारती एअरटेल व क्वालकॉम यांना प्रत्येकी चार आणि ऑगेरेला एक परिमंडळ मिळाले. महाराष्ट्र परिमंडळ एअरटेलकडे, तर मुंबई क्वालकॉमकडे गेली. या पट्टांवर वायमॅक्स चालणार, असा तोवर सर्वसाधारण समज होता. क्वालकॉम मात्र चौथ्या पिढीच्या एलटीई या प्रतिस्पर्धी तंत्राची पुरस्कर्ती होती आणि लिलावातील तिच्या प्रवेशानंतर वायमॅक्सचे भवितव्य भारतात संपुष्टात आले.

एवढी किंमत मोजल्यावर घरगुती सेवेतून ती वसूल होणे कठीण होते. एअरटेलने १० एप्रिल २०१२ रोजी कोलकात्यात व त्याच वर्षी बंगलोर आणि पुणे येथे देशातील पहिली चौथ्या पिढीची सेवा सुरू केली. ती केवळ विदेसाठी होती व डेटाकार्ड किंवा घरात ठेवावयाच्या यंत्रावरून मिळे. या पट्टावर चालणारे भ्रमणध्वनी संच तेव्हा बाजारात जवळजवळ नव्हतेच. ग्राहक थोडे मिळाले. इतर विजेत्यांपैकी बहुतेकांनी जाळे उभारलेच नाही. क्वालकॉम, ऑगेरे, एअरसेल व टिकोना या सर्वांचे पट्ट २०१२ ते २०१७ या काळात एकेक करून एअरटेलकडे आले. महानगर टेलिफोन निगमने दिल्ली व मुंबईतील आपला पट्ट परत केला व २०१४ मध्ये सरकारने त्याचे सुमारे ४,५३४ कोटी रु. परत करण्याचा निर्णय घेतला. तोवर निगम कर्जात बुडाला होता. घरोघर ब्रॉडबँड नेण्यासाठी विकलेला हा पट्ट अनेक परिमंडळांत पाच-सहा वर्षे रिकामाच पडून होता.

पुढील वळण धोरणाचे होते. या परवानाधारकांना बोलण्याची सेवा देण्याची मुभा मूळ अटींत नव्हती. २०१३ मध्ये एकत्रित परवान्याच्या नव्या पद्धतीत १,६५८ कोटी रु. भरून ती मिळविण्याची तरतूद झाली. तिला सर्वोच्च न्यायालयात आव्हान देण्यात आले; ती याचिका एप्रिल २०१६ मध्ये फेटाळली गेली. स्थिर सेवेचा पट्ट पुन्हा एकदा चल सेवेचा झाला. छपरावरील अँटेनासाठी २.३ गिगॅहर्ट्‌झ पुरेसे असते. इमारतीच्या आत, खिशातील संचासाठी ते अपुरे पडते. म्हणून रिलायन्स जिओने २०१४ व २०१५ च्या लिलावांत १,८०० व ८०० मेगॅहर्ट्‌झच्या भागांतील पट्टही घेतले. आपली सेवा कोणासाठी आहे, हे या खरेदीतूनच स्पष्ट झाले होते.

खिशातील ब्रॉडबँड : जिओची सेवा ५ सप्टेंबर २०१६ रोजी सुरू झाली व मार्च २०१७ पर्यंत ती जवळजवळ विनामूल्य होती. सहा महिन्यांच्या आत तिला दहा कोटी ग्राहक मिळाले. विदेचा सरासरी दर २०१४ मध्ये गिगॅबाइटला सुमारे २६९ रु. होता, तो २०२० पर्यंत ११ रुपयांच्या आसपास आला. अनेक जुन्या कंपन्या बंद पडल्या किंवा एकमेकींत विलीन झाल्या. २०१९ अखेर देशात ब्रॉडबँडचे सुमारे ६६ कोटी ग्राहक होते. त्यांपैकी तारेवरील केवळ १.९ कोटी व स्थिर बिनतारी सेवेचे सुमारे सहा लाख. उरलेले सर्व भ्रमणध्वनीवरचे होते.

या आकड्यांवरून बिनतारी सेवेने तारेचा पराभव केला, असा निष्कर्ष पुष्कळदा काढला जातो. तो अर्धसत्य आहे. भ्रमणध्वनीवरील जोडणी एका व्यक्तीची असते, घराची नव्हे. दिवसाला एक-दीड गिगॅबाइटची मर्यादा, लहान पडदा आणि संध्याकाळी मनोऱ्यावर गर्दी होताच मंदावणारा वेग, या तिच्या मर्यादा आहेत. कुटुंबात संच एकच असेल, तर तो बहुधा कर्त्या पुरुषाबरोबर बाहेर जातो. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागू होऊन शाळा व कार्यालये घरात आली, तेव्हा हा फरक सर्वांच्याच प्रत्ययास आला. ज्या घरात तार होती तेथे दोन मुलांचे वर्ग व एका पालकाचे काम एकाच वेळी चालू शकले. ज्या घरात एकच भ्रमणध्वनी होता, तेथे पाळी लावावी लागली, आणि डोंगराळ भागांतील विद्यार्थ्यांना ‘रेंज’ शोधत टेकाडावर बसावे लागले. पन्नास कोटींहून अधिक जोडण्यांच्या देशात घरगुती जोडणीचा प्रश्न मुळीच सुटलेला नव्हता.

तारेचे पुनरागमन : तार परतली ती तांब्याची नव्हे, प्रकाशीय तंतूची. ग्रामपंचायतींपर्यंत तंतू नेण्याची राष्ट्रीय योजना ऑक्टोबर २०११ मध्ये मंजूर झाली व २०१५ मध्ये तिला भारतनेट हे नाव मिळाले. तिच्याद्वारे दोन लाखांहून अधिक ग्रामपंचायती जोडल्या गेल्या, तथापि पंचायतीच्या कार्यालयापासून घरापर्यंतचा टप्पा बहुतेक ठिकाणी तसाच राहिला. रस्त्याखालील मार्गाच्या हक्कासंबंधीचे केंद्रीय नियम नोव्हेंबर २०१६ मध्ये झाले, परंतु पालिकांची शुल्के व विलंब यांविषयीच्या तक्रारी चालूच राहिल्या. जिओने ऑक्टोबर २०१८ मध्ये हॅथवे व डेन या केबल कंपन्यांचे नियंत्रण घेण्याचे जाहीर केले व ५ सप्टेंबर २०१९ पासून तंतूवरील घरगुती सेवा व्यापारी तत्त्वावर सुरू केली. केबल कंपन्या घेण्यामागे त्यांच्या तारांपेक्षा त्यांचे स्थानिक केबलवाले, म्हणजे इमारतीत शिरण्याची वाट, हे मोठे आकर्षण होते. टाळेबंदीनंतर मागणी वाढली आणि तारेवरील ब्रॉडबँडचे ग्राहक २०१९ अखेरच्या १.९ कोटींवरून २०२३ अखेर सुमारे ३.८ कोटींवर गेले. चार वर्षांत दुप्पट झालेली ही संख्याही देशातील कुटुंबसंख्येच्या मानाने अल्पच होती.

पाचवी पिढी व स्थिर सेवा : जुलै-ऑगस्ट २०२२ मध्ये पाचव्या पिढीच्या पट्टांचा लिलाव होऊन सरकारला सुमारे १.५ लाख कोटी रुपयांच्या बोली मिळाल्या. सेवेचा आरंभ १ ऑक्टोबर २०२२ रोजी झाला. ३.३ गिगॅहर्ट्‌झच्या भागात १०० मेगॅहर्ट्‌झ किंवा त्याच्या आसपासचे पट्ट व अनेक लहान अँटेनांचा समूह यांमुळे एका मनोऱ्याची क्षमता चौथ्या पिढीच्या कित्येक पट झाली. २६ गिगॅहर्ट्‌झच्या भागात जिओने सर्व परिमंडळांत प्रत्येकी १,००० व एअरटेलने ८०० मेगॅहर्ट्‌झ घेतले. चल संचांना एवढी क्षमता तूर्त लागत नव्हती, आणि पाचव्या पिढीसाठी ग्राहक जादा दर देण्यासही तयार नव्हते. शिल्लक क्षमतेला गिऱ्हाईक शोधणे क्रमप्राप्त होते. ते घरात सापडले.

एअरटेलने ऑगस्ट २०२३ मध्ये दिल्ली व मुंबई येथे आणि जिओने १९ सप्टेंबर २०२३ रोजी मुंबई व पुणे यांसह आठ शहरांत एअरफायबर या नावाने स्थिर बिनतारी सेवा सुरू केली. एअरटेलची प्रारंभीची योजना दरमहा ७९९ रुपयांना १०० मेगाबिटची, तर जिओची सर्वांत स्वस्त योजना ५९९ रुपयांना ३० मेगाबिटची होती. जिओ गच्चीवर वा बाल्कनीत बाहेरील ग्राही बसवून तेथून घरात तार आणते. ‘फायबर’ हे नाव या सेवेला अर्थातच लक्षणेने दिलेले आहे. मनोऱ्यापासून घरापर्यंत त्यात तंतू नसतो. २०२५ च्या मध्यापर्यंत पाचव्या पिढीच्या स्थिर बिनतारी जोडण्या ७० लाखांच्या वर गेल्या. कॉर-डेक्टपासून जे साधले नव्हते ते अखेर साधले, आणि तेही वेगळ्या पट्टाची विक्री न करता, भ्रमणध्वनीच्याच जाळ्यावर.

ही सेवा तंतूची प्रतिस्पर्धी आहे काय, हा प्रश्न वादाचा आहे. दोन्ही कंपन्या तंतूही विकतात व तंतू जेथे पोहोचला नाही तेथे बिनतारी सेवा देतात, तेव्हा एकाच विक्रेत्याच्या दोन मालांतील ही निवड आहे. खरी झळ लागते ती लहान केबलवाल्यांना व भारत संचार निगमच्या भागीदारांना. कारण त्यांचे संरक्षण म्हणजे गल्लीतील त्यांची तार, आणि बिनतारी सेवेला तिची गरज नसते. आकडेवारीतही ही संदिग्धता उमटली : काही काळ तारयुक्त जोडण्यांत मोजले गेलेले पाचव्या पिढीचे स्थिर ग्राहक २०२५ पासून नियामक प्राधिकरणाच्या मासिक पत्रकांत बिनतारी वर्गात वेगळे दाखविले जाऊ लागले. चलत्‌चित्रे, खेळ व शिक्षण यांसाठी एक घर भ्रमणध्वनी ग्राहकाच्या कित्येक पट विदा वापरते. त्यामुळे अशी घरे जसजशी वाढतील तसतशी एका मनोऱ्यावरील शिल्लक क्षमता कमी होत जाते. त्यावर उपाय म्हणजे अधिक मनोरे व प्रत्येक मनोऱ्यापर्यंत तंतू. डिसेंबर २०१९ मध्ये जाहीर झालेल्या राष्ट्रीय ब्रॉडबँड अभियानात तंतूने जोडलेल्या मनोऱ्यांचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ७० टक्क्यांवर नेण्याचे उद्दिष्ट होते. २०२४ पर्यंत निम्मे मनोरेही तंतूने जोडले गेले नव्हते. उरलेले मनोरे एकमेकांशी सूक्ष्मतरंगांच्या रेडिओ दुव्यांनी जोडलेले असून त्यांच्या टप्प्यातील घरांना मिळणारा वेग या दुव्यांच्या क्षमतेवर अवलंबून असतो.